आराखड्याआधीचा खड्डा

धाकट्या भावाने नव्या घराचा आराखडा माझ्यासमोर उलगडला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला ओळखीचा होता. बारा वर्षांपूर्वी आम्हीही असाच एक कागद टेबलावर पसरून कौतुकाने पाहत बसलो होतो. कोणत्या खोलीत सकाळचे ऊन येईल, बाग कोणत्या बाजूला असेल, जिना कुठून चढेल, हे सारे त्यात विचारपूर्वक ठरवलेले होते. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा यांच्यासाठी मात्र, दुसरे काहीच बसत नव्हते अशा एका कोपऱ्यात, एक लहानसा चौकोन काढून ठेवला होता. भावाच्या कागदावरही तो चौकोन तसाच कोपऱ्यात होता. मी विचारले, "इथली माती पाहिलीस का?" तो म्हणाला, "ताई, मातीचं काय पाहायचं? जमीन सपाट आहे, गवतही चांगलं आलंय."

आमच्या प्लॉटचा तो कोपरा सर्वांत सखल होता. बांधकाम चालू असताना विटा, वाळू आणि खडी घेऊन येणाऱ्या गाड्या तिथेच उभ्या राहत, कारण जागा मोकळी होती. वर्षभर ती माती चाकांखाली दाबली गेली आणि मग तिच्यातच शोषखड्डा खणला गेला. पहिल्याच पावसाळ्यात संडासातले पाणी हळू उतरू लागले, पाइपमधून गुडगुड आवाज येऊ लागला, आणि एका सकाळी त्या कोपऱ्यातले गवत बाकीच्या गवतापेक्षा गडद हिरवे दिसले व पायाखालची जमीन लिबलिबीत लागली. टाकी उपसून घेतली की दहा-बारा दिवस बरे जात, पुन्हा तेच सुरू होई. काम करणाऱ्यांना दोष देण्यात आम्ही काही महिने घालवले. शेवटी शोषखड्ड्याशेजारी खणून पाहिले, तेव्हा सव्वा मीटरखाली राखाडी, चिकट, ओल्या साबणासारखी गुळगुळीत माती लागली. कितीही कुशल हातांनी खड्डा बांधला असता तरी त्या मातीतून पाणी गेले नसते. शोषखड्डा प्लॉटच्या वरच्या अंगाला हलवावा लागला, आणि सांडपाणी चढावर नेण्यासाठी तेव्हा बसवलेला पंप आजही चालवावा लागतो.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. एकाच जमिनीला आपण तीन वेगवेगळी कामे सांगतो आणि ती कामे एकमेकांच्या विरुद्ध असतात. पायाला घट्ट, न हलणारी, शक्यतो ऋतूगणिक न बदलणारी माती हवी असते. सांडपाण्याला अशी माती हवी असते जी पाणी जाऊ देते, पण घाईने जाऊ देत नाही. बागेला हवी असते भुसभुशीत, हवा खेळती असलेली, जिवंत माती. तिन्ही कामांसाठी "चांगली जमीन" अशी एकच नसते. त्यामुळे प्लॉटचा कोणता भाग कोणत्या कामाचा, हे मातीला विचारल्यावर ठरते, आणि ते आराखडा काढण्याआधी ठरले तर पुढचा पुष्कळ त्रास वाचतो. भावाला मी एवढेच म्हणाले की हा कागद दोन आठवडे गुंडाळून ठेव आणि आधी चार ठिकाणी खड्डे घे.

खड्डे घेताना एक काळजी पहिल्या दिवसापासून घेतली, ती इथेच सांगते, कारण तिच्याकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. छातीपेक्षा खोल खड्ड्यात, कडांना आधार दिल्याशिवाय किंवा त्या टप्प्याटप्प्याने कापल्याशिवाय, कोणीही उतरू नये. ओल्या मातीचा एक घनमीटर दोन टनांच्या आसपास भरतो, आणि कड ढासळायला एक क्षण पुरतो. आम्ही प्रत्येक खड्डा दोन टप्प्यांत, पायरी ठेवून खणला.

पहिला खड्डा भावाच्या आराखड्यातल्या त्या कोपऱ्यातल्या चौकोनातच घेतला. खोदकामाच्या हत्याराने कड लिंपल्यासारखी गुळगुळीत होते आणि मातीचे खरे रूप झाकले जाते. म्हणून मी खुरप्याच्या टोकाने वरपासून खालपर्यंत हातभर रुंदीचा पट्टा हळूहळू उकरून ताजा केला. वरची वीतभर माती गडद तपकिरी होती. ती बोटांत चुरली की ज्वारीच्या दाण्याएवढे गोळे सुटत होते आणि त्यांतून बारीक मुळ्या लोंबत होत्या. त्याखाली रंग फिका झाला, ढेकळे मोठी व टोकदार झाली, मुळ्या विरळ झाल्या. साधारण ८० सेंटिमीटरवर जे दिसले त्यासाठीच मी तिथे खड्डा घ्यायला लावला होता. राखाडी मातीत गंजाच्या रंगाचे ठिपके होते, काही मसुराएवढे, काही अंगठ्याच्या नखाएवढे, आणि जुन्या मुळ्यांच्या पोकळ्यांना आतून गंजाचे अस्तर लागलेले होते. खड्ड्यात पाण्याचा थेंब नव्हता. महिना कोरडा होता. तरीही ती माती सांगत होती की वर्षातले कित्येक आठवडे पाणी इथपर्यंत चढून उभे राहते.

हे ठिपके कसे तयार होतात ते एकदा समजले की ते विसरता येत नाहीत. मातीचा तपकिरी-तांबूस रंग मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडांमुळे असतो. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा आत येत नाही. सूक्ष्मजीव उरलेला ऑक्सिजन संपवतात आणि मग श्वसनासाठी लोहाच्या ऑक्साइडांचा वापर करू लागतात. या क्रियेत लोह विरघळणाऱ्या रूपात जाते आणि पाण्याबरोबर सरकते. ते निघून गेलेल्या जागी मातीच्या कणांचा मूळ राखाडी रंग उघडा पडतो. पुढे पाणी उतरू लागले की जिथून हवा शिरते, म्हणजे मुळ्यांच्या वाटांतून आणि भेगांतून, तिथे लोह पुन्हा गंजते. पाण्याची पातळी आज कितीही खाली असो, ती कुठपर्यंत येऊन गेली आहे याची खूण मातीच्या अंगावर राहते. भूजल मोजायला पावसाळ्याची वाट पाहणे कधीही उत्तम, पण ज्याला ती सवड नाही त्याने निदान हे ठिपके पाहावेत.

शोषखड्ड्याच्या दृष्टीने ही खूण निर्णायक का, हे समजण्यासाठी सेप्टिक टँक नेमके काय करते ते पाहिले पाहिजे. टाकीत घन भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर तरंगतो आणि मधले पाणी बाहेर पडते. ते बऱ्यापैकी निवळलेले दिसत असले तरी त्यात रोगजंतू भरपूर असतात. खरे शुद्धीकरण पुढे मातीत होते. पाणी अर्धवट कोरड्या, हवा असलेल्या मातीतून कणांना चिकटत हळूहळू झिरपते, तेव्हा जंतू अडकतात, मरतात, आणि हवेवर जगणारे सूक्ष्मजीव उरलेली घाण खाऊन टाकतात. यासाठी शोषखड्ड्याचा किंवा त्याऐवजी खणलेल्या लांबट शोषचरांचा तळ आणि भूजलाची सर्वांत वरची पातळी यांच्यात साधारण ६० ते १२० सेंटिमीटर न भिजलेली माती असावी, असा संकेत बहुतेक नियमांत आढळतो. विहिरीपासूनचे अंतरही नियमांनुसार १५ ते ३० मीटरच्या पट्ट्यात सांगितलेले असते. माती पाण्याने भरलेली असेल तर हवा नाही, हवा नसेल तर शुद्धीकरण नाही, आणि मग ते पाणी थेट कोणाच्या तरी विहिरीकडे निघते. नायट्रेटला तर चांगली मातीही फारशी अडवू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम ठेवली आहे ती मुख्यतः तान्ह्या मुलांचा विचार करून. आपला शोषखड्डा तुंबला की त्रास आपल्याला होतो, पण तो चुकीच्या जागी बिनबोभाट चालू राहिला तर त्रास शेजाऱ्याच्या घरातल्या बाळाला होऊ शकतो. याचा विचार करताना मला आजही अस्वस्थ वाटते.

दुसरा खड्डा प्लॉटच्या वरच्या अंगाला होता. तिथे दीड मीटरपर्यंत एकही राखाडी ठिपका दिसला नाही. तिथेच पाझर चाचणी घेतली. चाचणी साधी आहे, पण ती घाईने करणारे स्वतःची फसवणूक करून घेतात. चर ज्या खोलीवर असणार त्या खोलीपर्यंत वीत-दीड वीत रुंदीचे भोक घ्यायचे, त्याच्या कडा खरवडून लिंपण काढायचे, तळाशी पाच सेंटिमीटर बारीक खडी घालायची आणि पाणी भरून रात्रभर माती भिजत ठेवायची. भिजवणे टाळले तर कोरडी माती तहानेने पाणी ओढून घेते आणि आकडा फारच आशादायक येतो. चिकणमातीला फुगायला वेळ लागतो, आणि आपल्याला हवा असतो तो फुगल्यानंतरचा वेग. दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंटिमीटर पाणी ठेवून दर अर्ध्या तासाला पट्टीने पातळी मोजायची, आणि ती स्थिर वेगाने उतरू लागली की तो वेग नोंदवायचा. आमच्या इथे २५ मिलिमीटर उतरायला सुमारे १८ मिनिटे लागली. तेवढ्यासाठी एक तासाहून अधिक वेळ लागला तर माती सांडपाण्यासाठी बहुधा निरुपयोगी समजली जाते. एका मिनिटाच्या आत पाणी उतरले तर लोक खूश होतात, पण ती माती गाळत काहीच नाही, नुसती वाट देते. भरड रेती किंवा भेगाळलेला कातळ यांच्या बाबतीत मला हीच धास्ती जास्त वाटते, कारण तिथे वर काहीच दिसत नाही.

घराच्या जागी घेतलेला तिसरा खड्डा वेगळ्या प्रश्नासाठी होता. तिथे खाली गडद रंगाची चिकणमाती लागली. मातीच्या कणांत आकाराचा केवढा फरक असतो ते डोळ्यांनी कळत नाही. वाळूचा कण दोन मिलिमीटरपर्यंत असतो, आणि चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. या लहान कणांतही जाती आहेत. केओलिनाइट हे खनिज बऱ्यापैकी शांत असते. माँटमोरिलोनाइट मात्र पापुद्र्यांचे बनलेले असते, पापुद्र्यांच्या मधोमध पाणी शिरते आणि कण फुगतो. त्याच्या एका ग्रॅममधल्या पापुद्र्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ८०० चौरस मीटर भरतो. अशा मातीवरचे घर पावसाळ्यात किंचित उचलले जाते आणि उन्हाळ्यात खाली बसते. सगळे घर एकसारखे वर-खाली झाले असते तर फारसे बिघडले नसते. पण भिंतीच्या कडेची माती लवकर भिजते व लवकर वाळते, घराच्या मध्याखालची माती तशीच राहते, आणि या असमान हालचालीने खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. जोत्याला लागून फुलझाडांचे वाफे करून त्यांना रोज पाणी घालणे किंवा गळता नळ महिनोन्महिने तसाच ठेवणे, ही त्या भेगांना दिलेली आमंत्रणे आहेत. मोठी झाडे उलट दिशेने तेच करतात. ती मातीतले पाणी ओढून तिला आक्रसवतात, आणि असे झाड तोडले की माती पुढची काही वर्षे पुन्हा फुगत राहते. १९७६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये चिकणमातीवरची असंख्य घरे अशीच खचली आणि तडकली. उपाय आहेत: पाया ऋतूंचा परिणाम पोहोचत नाही इतक्या खोल नेणे, तळाशी फुगवटा असलेले खांब घेणे, घराभोवती फरसबंदीचा पट्टा ठेवणे. मात्र हे सारे आधी माहीत असले तरच स्वस्तात होते.

मातीची ही जात हाताने ओळखण्याची एक रीत मला फार प्रिय आहे. ओलसर माती मळून तिची वळी करायची आणि सपाट काचेवर तळहाताने फिरवत बारीक करत जायची. पाणी उडत जाते तशी वळी कोरडी होते, आणि सुमारे तीन मिलिमीटर जाडीवर ती तुटू लागली की तेवढा ओलावा म्हणजे मातीची आकार्यतेची सीमा; त्याहून कोरडी झाली की तिला आकार देता येत नाही. ॲल्बर्ट ॲटरबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १९११ च्या सुमारास मातीच्या अशा सीमा मांडल्या, आणि पुढे पाया बांधणाऱ्या अभियंत्यांनी त्या उचलल्या. प्रयोगशाळेत आजही ही वळी हातानेच वळतात. मला याचे विशेष वाटते ते एका मराठी शब्दामुळे. पावसानंतर जमीन ना चिखल ना ढेकूळ अशा स्थितीत येते, मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचला तर तो फुटतो, तेव्हा शेतकरी म्हणतो की वाफसा आला. वाफसा म्हणजे जवळजवळ हीच सीमा, किंवा तिच्या किंचित कोरड्या बाजूची अवस्था. त्याआधी नांगर घातला तर माती लिंपली जाते, उशीर केला तर ढेकळे फुटत नाहीत. अभियंत्याने काचेवर शोधलेली गोष्ट आणि शेतकऱ्याने मुठीत ओळखलेली गोष्ट एकच आहे, हे पहिल्यांदा लक्षात आले त्या संध्याकाळी मी किती तरी वेळ हातातली माती टाकलीच नाही.

हाताने होते तेवढ्यावर पाया ठरवू नये, हेही तितक्याच आग्रहाने सांगायला हवे. पायाचे ओझे साधारणतः त्याच्या रुंदीच्या दीड ते दोन पट खोलीपर्यंत जाणवते. पायाची पट्टी अरुंद असेल तर दोन-तीन मीटरचा खड्डा बरेच सांगतो. पाया रुंद असेल तर वरची घट्ट माती दिलासा देते आणि खालची मऊ माती दगा देते. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे धान्याचे प्रचंड कोठार बांधले, तेव्हा वरच्या चिकणमातीवर भार ठेवून चाचणी घेतलेली होती आणि ती समाधानकारक होती. ऑक्टोबर १९१३ मध्ये कोठार भरत असताना ते एका तासात सुमारे ३० सेंटिमीटर खचले आणि पुढच्या २४ तासांत जवळजवळ २७ अंशांनी कलले. काँक्रीट मात्र बव्हंशी शाबूत होते. नंतर खडकापर्यंत पाये नेऊन ते सरळ उभे केले गेले. १९५१ मध्ये तिथे बोअर घेतले तेव्हा खालच्या थरातली चिकणमाती वरच्यापेक्षा दुर्बळ असल्याचे दिसले. चाचणीने आपल्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अचूक दिले होते, प्रश्नच उथळ जागी विचारला गेला होता. म्हणून भावाच्या घराच्या जागी आम्ही दोन बोअर घेतले. त्यात ६३.५ किलो वजनाचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडत राहतो आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजतात. पावणेतीन मीटरखाली ठोके एकदम वाढले. चिकणमाती संपून मुरूम सुरू झाला होता. पाया तिथपर्यंत न्यायचे ठरले.

चौथा खड्डा बागेसाठी होता आणि तो सर्वांत उथळ होता. बागेला विचारायचे प्रश्न वरच्या दोन वितींतलेच असतात. आठ-दहा ठिकाणची १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती गोळा केली, झाडांची बुडखे आणि जुना उकिरडा टाळला, सगळी एकत्र मिसळून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करून ती परीक्षणाला पाठवली. सामू (पीएच), म्हणजे मातीची आम्लता-विम्लता सांगणारा आकडा, ८.१ आला. याचा अर्थ लोह मातीत असूनही झाडांना सहज मिळणार नाही आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहण्याचा संभव आहे. काय लावायचे ते या एका आकड्याने निम्मे ठरले. चिकणमाती हलकी करण्यासाठी थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला अनेक जण देतात, आणि तो मला सपशेल चुकीचा वाटतो. थोड्या वाळूने पोकळ्या वाढत नाहीत, उलट वाळूच्या कणांमधल्या जागेत चिकणमाती बसून भिंतीसारखा थर होतो. कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा यांनी जे होते ते हळू होते, पण ते टिकते.

आमच्या बागेचे नुकसान मात्र खताअभावी झाले नव्हते. पायातून निघालेली खालची माती सपाटीसाठी बागेच्या जागेवर पसरली गेली, आणि शेकडो वर्षांत तयार झालेला वीतभर काळा थर तिच्याखाली गाडला गेला. वर आली ती फिकट, निर्जीव, चाकांनी चेपलेली माती. दोन वर्षे तिच्यात झेंडूही नीट फुलला नाही. खालची माती खाली आणि वरची माती वर, एवढे पथ्य त्या वेळी कोणी सांगितले असते तर आम्ही ते पाळले असते. भावाच्या कामात पहिले यंत्र येण्याआधीच वरचा थर खरवडून एका बाजूला कमरेएवढ्या उंचीचा ढीग केला, आणि शोषचरांच्या जागेला व बागेच्या जागेला खुंट्या ठोकून दोरी बांधली, म्हणजे गाडी तिथे शिरणार नाही.

नवा आराखडा जुन्यापेक्षा पुष्कळ वेगळा झाला. घर सात मीटर सरकले, शोषचर वर गेले आणि ठिपक्यांच्या सखल कोपऱ्यात पाणी सोसणारी झाडे लावायचे ठरले. टाकीही चढावर बसवली, त्यामुळे पंप लागला नाही. भावाला सकाळचे ऊन मिळावे अशी खोली आता दुसऱ्या बाजूला आहे, आणि त्याची त्याला थोडी हळहळ वाटली, ती मला समजते.

खड्डे बुजवताना आम्ही थर निघाले त्याच्या उलट क्रमाने भरले, आधी राखाडी, मग तपकिरी, शेवटी काळी. मोकळी झालेली माती जास्त जागा घेते, म्हणून प्रत्येक खड्ड्यावर एक उंचवटा राहिला. कोपऱ्यातला उंचवटा मी पट्टीने मोजून ठेवला होता: २२ सेंटिमीटर. एका पावसाळ्यानंतर तिथे गेले, तेव्हा उंचवट्याच्या जागी बोटभर खोल खळगा होता आणि त्यात पाणी साचलेले होते. भाऊ त्याच्याकडे पाहत थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ताई, भरावावर घर घेतलं असतं तर ते असंच बसलं असतं ना?" त्याने मागून फावडे आणले, ढिगातली दोन पाट्या काळी माती त्या खळग्यात घातली, आणि आम्ही दोघांनी ती पायांनी न दाबता तशीच राहू दिली.